कापडावरचं घड्याळ

आमच्या दादाचं डोकं आता ठिकाणावर नसतं. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही. मधूनच मला आमचे वडील समजतो आणि मला बघून विडी लपवतो. पण एक गोष्ट पक्की. जेवला की समोरच्या चौकात बाकावर जाऊन बसणार, आणि जुन्या मनोऱ्याच्या घड्याळात सहा वाजले की उठून घरी येणार. शाळेपासूनची सवय, ती सुटली नाही. सूनबाईचं आणि माझं तेवढ्यावरच ठरलं होतं: ज्या दिवशी आपला आपण आला नाही, त्या दिवसापासून दाराला कुलूप. तिचंही काही चुकत नाही. शोधायला रस्ताभर तीच पळते, माझे गुडघे कुठले पळायला.

मग मनोऱ्याची दुरुस्ती निघाली. चहूबाजूंनी परांच्या बांधल्या, वरून भलंमोठं कापड सोडलं, आणि त्यावर छापलं काय, तर मनोराच. दगड, दार, घड्याळ, सगळं हुबेहूब. मी म्हटलं, बरं झालं, दादाला कळायचंसुद्धा नाही.

नाहीच कळलं. कापडावरच्या घड्याळात कायमचे दहा वाजून दहा मिनिटं. अंधार पडला, दिवे लागले, तरी गडी बाकावर कुडकुडत बसलेला. मला म्हणाला, "घाई कसली? दहा तर वाजलेत." मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं तर हसला. मनोऱ्यापुढे त्याची काय किंमत.

सूनबाईनं कुलूप आणून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरच्या मुकादमाला गाठलं. दादाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्या घड्याळात सहा वाजवता येतील का.

"काका, मग ते गेल्या पावली परत येतील की."

माणूस मात्र भला. म्हणाला, घेऊन या त्यांना, जवळून दाखवू.

नेलं. दादानं मनोऱ्याचं दार ओळखलं आणि ढकलायला गेला. हात कोपरापर्यंत आत. दार चुरगळलं, वर घड्याळापर्यंत सगळा मनोरा थरथरला.

"बघ दादा, चित्र आहे नुसतं. खोटं आहे," मी म्हणालो.

त्यानं आणखी एकदा हात लावून पाहिला. मग माझं बोट धरून घरी आला.

कुलूप लावायची वेळच आली नाही. आता तो बाहेर पडतच नाही. दिवसभर मला विचारतो, किती वाजले. मी सांगतो. सांगितलं की जवळ येतो, आणि माझ्या गालाला हात लावून बघतो.