दुसरा माईक

तिने दोन्ही माईकना स्पंजची काळी टोपडी चढवली आणि ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बंदुकीच्या नळीसारखे लांबडे, शॉटगन माईक. आता कुठला नवा, कुठला वापरलेला, कुठला महागाचा, हे नुसतं बघून कळणार नव्हतं.

"म्हणजे फक्त कानानं ठरवायचं," दिग्दर्शक खुशीत म्हणाला. "म्हणून तर मास्तरांना बोलावलंय."

दुकानाच्या मागच्या खोलीत एकच धड खुर्ची होती, तीवर मास्तर बसले होते. चाळीस वर्षं सिनेमांचे आवाज टिपलेला माणूस. शेजारच्या इमारतीतला पंखा कुरकुरतोय म्हणून त्यांनी एकदा शूटिंग थांबवलं होतं, ही गोष्ट तर या धंद्यात सगळ्यांना पाठ होती. पंखा खरोखरच कुरकुरत होता. फक्त तो ऐकला होता तिने.

आठ वर्षं ती त्यांची सहायक होती. माईक लावलेला लांब दांडा, ज्याला सगळे बूम म्हणतात, तो डोक्यावर धरून उभी राहायची. शॉट संपला की मास्तर आधी तिच्याकडे बघायचे आणि मग 'ओके' म्हणायचे. त्यात तिला सहा वर्षं माया दिसत होती. मग एकदा लक्षात आलं, की ते तिच्या कपाळाकडे बघतात. आवाजात खोट असली की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि आठी दिसली की मास्तर हात वर करून म्हणायचे, "पुन्हा." सगळे चाट पडायचे. तिने हे कुणाला सांगितलं नाही. फक्त एकदा, टायटल्समध्ये आपलंही नाव यावं, असं भीत भीत म्हणाली. मास्तरांनी हातातला कपही खाली ठेवला नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "बूम धरायला हात पुरतात." लोक हसले. तीही हसली होती, आणि तेच तिला अजून झोंबत होतं.

हा सिनेमा तिचा होता. पहिल्यांदाच आवाजापुढे तिचं एकटीचं नाव येणार होतं. बजेट म्हणजे आनंदच. वीस दिवसांचं शूटिंग, एक घर आणि पलीकडच्या खोलीतल्या मुलांना कळू नये म्हणून कुजबुजत भांडणारे नवरा-बायको. कुजबुजीत माईकचं पितळ लगेच उघडं पडतं. आज माईक निवडला, की सगळे आवाज जुळवायचं शेवटचं मिक्सिंगही मास्तरांनाच द्यायचं, असं दिग्दर्शकाने येतानाच सांगून टाकलं होतं. गेली तीन वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सदऱ्याची इस्त्री आजची होती.

तिने एकाच यंत्राला दोन हेडफोन जोडले. एक त्यांना दिला, एक स्वतः घातला. दिग्दर्शक पहिल्या माईकसमोर कुजबुजला, "मला आता तुझ्याशी बोलायचंच नाही." स्वच्छ आवाज. शब्द संपल्यावर मागे नुसती शांतता.

मग दुसरा. तेच वाक्य, पण खाली गॅसची नळी किंचित उघडी राहावी तसा बारीक सूऽऽ आवाज. शब्द संपले तरी तो चालूच.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. थेट कपाळाकडे.

आठी यायलाच लागली होती. तिने दात एकमेकांवर दाबले, भुवया जागच्या जागी धरल्या आणि यंत्राच्या बटणाकडे बघत राहिली.

"पुन्हा लाव," मास्तर म्हणाले.

तिने लावलं. ते टक लावून बघत होते. कपाळ सपाट.

"दुसरा," शेवटी ते म्हणाले. "आवाज कसा अंगाशी येतो."

दिग्दर्शकाने दुसऱ्याचं टोपडं काढून पाहिलं. "आणि हाच स्वस्तातला!" त्याने टाळी वाजवली. "ताई, तुम्ही काय म्हणता?"

एक वाक्य बोलली असती तरी सगळं निस्तरलं असतं. तिलाही ते कळत होतं.

"मास्तरांच्या कानापुढे मी काय बोलणार?"

दिग्दर्शक पुढे काउंटरवर पळाला. दुकानदार पहिला माईक घेऊन गेला. उट्टं काढल्यावर बरं वाटेल अशी तिची समजूत होती. तोंड नुसतं कडू झालं होतं.

मास्तर हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळत होते, हलक्या हाताने, तिला शिकवलं होतं तसं.

"पहिला चांगला होता ना?" त्यांनी वर न बघता विचारलं.

तिने टेबलावरचं टोपडं उचलून माईकला पुन्हा चढवलं.

"आधी तुझ्या कपाळावर आठी यायची." वायरीचं एक वेटोळं चुकलं, ते त्यांनी सोडून पुन्हा घातलं. "जा, सांग त्याला. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हण. अजून पावती फाडली नसेल."

इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही. ती पुटपुटली, "बूम धरायला हात पुरतात, मास्तर."

"काय म्हणालीस?"

त्यांनी मान पुढे केली होती, पण डोळे सवयीने तिच्या कपाळावरच होते.

"काही नाही," ती म्हणाली. "द्या ती वायर इकडे."

बाहेर पावती फाडल्याचा आवाज आला. तिचा हेडफोन गळ्यातच लटकत होता आणि दुसरा माईक अजून चालू होता. त्याचा तो बारीक सूऽऽ आवाज तिला तिथूनही स्पष्ट ऐकू येत होता.