मेण लावलेलं अंडं

कोंबड्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. टोपलीत अंडी, फ्रिजच्या दारात अंडी, पिठाच्या डब्यात अंडी, शेवटी नातीच्या लोकरी टोपीतसुद्धा अंडी. शेजाऱ्यांना इतकी वाटून झाली की मोठीबाई लांबून दिसली तरी ते दार लोटून घेत.

पण ढीग लागला म्हणून त्यातलं एक घुशीनं पळवावं? हे मोठीबाईला मान्य नव्हतं. गल्ली तिला मोठीबाई म्हणायची ती काही उगाच नाही. त्या घरात तिच्या मर्जीशिवाय पान हलत नसे, आणि ही घूस मात्र रोज खुराड्याखालून बीळ काढून अंडं न्यायची, वर माती उकरून ठेवायची. लेकानं बजावलं होतं, "आई, घरात लहान पोर आहे. विष आणायचं नाही म्हणजे नाही." त्यावर ती म्हणाली होती, "तुला लंगोट मी बांधलेत, मला नको शिकवूस." आणत नाही, असं काही ती म्हणाली नव्हती.

काल संध्याकाळी तिनं एका मोठ्या पांढऱ्या अंड्याला दाभणानं भोक पाडलं, आत उंदराचं औषध भरलं आणि वरून मेणबत्तीचं मेण लावून ते खुराड्याच्या कोपऱ्यातल्या खोक्यात, गवतावर ठेवून दिलं. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. मेलेली घूस शेपटीला धरून लेकापुढे टाकायची आणि मगच तोंड उघडायचं, असा तिचा बेत होता. खुराड्यातली अंडी काढायची तिनेच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदाच होता. त्यामुळे भीती कसली?

दुपारी दाणे घेऊन ती बाजारातून आली ती थेट खुराड्याकडे. कोपऱ्यातलं खोकं रिकामं! "आली गं बया जाळ्यात," म्हणून ती खूश झाली. मग तिनं शेजारच्या खोक्यात पाहिलं. तेही रिकामं. सगळीच खोकी रिकामी, आणि खाली लख्ख झाडलेलं.

स्वयंपाकघरातून साखर करपवल्याचा वास येत होता.

सून शिवणाच्या कारखान्यात जायची. आज तिला सुट्टी होती. ओट्यावर पुडिंगचं पातेलं, केकचा डबा, व्हिनेगरच्या बरणीत उकडलेली अंडी. सून पदर खोचून घाम पुसत होती.

"आई, तुमचे गुडघे दुखतात म्हणून आज मीच काढली बघा सगळी. म्हटलं, एकदाचा निकाल लावून टाकू."

मोठीबाई टोपलीकडे वळली. "कोपऱ्यातलंसुद्धा?"

"सगळी म्हणजे सगळी."

मोठीबाईनं टोपली पुढे ओढली. तळाशी थोडी अंडी उरली होती. एकेक उचलून तिनं फिरवून पाहिलं. मेण कुठेच नव्हतं.

"कवचं कुठायत?"

"कुटून कोंबड्यांना घातली. तुम्हीच शिकवलंत ना, लगेच कुटायची, म्हणजे त्यांना अंडं फोडायची चटक लागत नाही."

आपलीच अक्कल अशी उलटी फिरून आलेली पाहून मोठीबाईला घाम फुटला. तरी तोंड उघडेना. लेक काय म्हणेल, सून काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल! तिनं पातेल्याला नाक लावलं.

"वास येतोय. फेकून दे सगळं."

"कसला वास?" सुनेचा चेहरा उतरला. "माझ्या हातचं तुम्हाला कधी गोड लागलंय म्हणून आज लागणार! फेकायचं तर तुम्ही फेका. मी नाही फेकणार."

"अगं, मी सांगते ना!"

"तुम्ही सांगता म्हणून काय अन्न मातीत घालू?"

मोठीबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "ठकी कुठाय?"

"निजलीय. केकचं भांडं बोटांनी चाटूनपुसून साफ केलं आणि झाली आडवी."

भिंतीला धरत मोठीबाई आतल्या खोलीत गेली. नात कुशीवर मुटकुळं करून पडली होती. ओठांच्या कडेला पिवळा थर वाळला होता. हलत नव्हती. मोठीबाईनं खांद्याला धरून हलवलं, मग गदागदा हलवलं.

"ठके! ए ठके! ऊठ गं माझे आई!"

पोरीनं डोळे किलकिले केले. "आजी... पोटात दुखतंय."

मग मात्र मोठीबाई ओरडली. सून धावत आली, तेव्हा ती खाली बसून कपाळावर हात मारून घेत होती.

"विष होतं गं त्यात! घुशीसाठी मी भरलं होतं. मीच!"

सुनेनं सासूकडे एकदा पाहिलं, पोरीला उचललं आणि अनवाणीच धावत सुटली. मोठीबाई औषधाची पुडी मुठीत धरून भराभर चालत मागे. दवाखाना पुढच्या चौकात, पण रस्ता काही सरेना.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, पोट दाबलं, पुडी वाचली. "अंडं कसं होतं?"

"मोठं, पांढरं," मोठीबाई म्हणाली. "टोकाला मेण लावलेलं."

"मेण?" सून एकदम वळली. "ते मेण होतं? मला वाटलं काहीतरी चिकटलंय. खरवडलं तर खाली भोक. किडकं असेल म्हणून मी ते फोडलंच नाही. टाकून दिलं."

"नक्की?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"देवाशप्पथ. माझ्या या हातानं."

"मग हे नुसतं कच्च्या पिठाचं दुखणं आहे. तरी संध्याकाळपर्यंत हिला इथंच राहू दे."

सुनेनं पोरीच्या केसांत तोंड खुपसलं. मोठीबाई बाकावर टेकणार, एवढ्यात ती थबकली.

"टाकलंस कुठे?"

सुनेनं मान वर केली. तिचाही चेहरा पांढराफटक पडला. "गल्लीच्या कचऱ्याच्या डब्यात. आई, तिथं पोरं खेळतात..."

मोठीबाई कधी धावली नव्हती. मोठ्या बाया धावत नाहीत, असं ती सुनेला ऐकवायची. आता ती एका पायात चप्पल आणि डोक्यावर पदर नाही, अशी भर रस्त्यातून धावत होती, आणि ओरडत होती, "अंड्याला हात लावू नका! विष आहे! पोरं घरात घ्या!"

दारं उघडली. बायका बाहेर आल्या. डब्यापाशी एका कुत्र्यानं पिशवी ओढून फाडली होती आणि त्याचं तोंड आत होतं. मोठीबाईनं उरलेली चप्पल भिरकावली. कुत्रं केकाटत पळालं. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात घाणीत घातले. साली, चहाचा चोथा, केसांचा गुंता. मग बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

अंडं चिरलं होतं, पण फुटलं नव्हतं. भोकाभोवती खरवडल्याच्या खुणा होत्या.

"कुणी घातलं हो विष?" समोरच्या शिंपिणीनं विचारलं. गेली कित्येक वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं.

"मी!" मोठीबाई ओरडली. "माझ्या घरात, लेकाला चोरून, मी घातलं. ऐकू आलं का सगळ्यांना?"

कुणी हसलं नाही. कामावरून येणारा लेक गर्दी पाहून सायकलवरून उतरला. आईचे हात कोपरापर्यंत बरबटलेले, आणि ओंजळीत अंडं.

"आई, काय झालं? ऊठ."

"ठकी बरी आहे रे. दवाखान्यात आहे, पण बरी आहे," ती म्हणाली. "आधी हे घे माझ्या हातातून. नीट धर. मला उठवत नाहीये."