इलिवान

"परत एकदा सांग रं. जरा हळू सांग."

"इ-लि-वा-न."

"हेलिवान?"

"हेलि न्हवं गं आत्ती, इलि. इलिवान!"

बेळगुंदीच्या शिवारात, रताळ्याच्या वेलांत, जयाबाई बांधावर टेकली होती. एका हातात विळा, दुसऱ्या हातात फोन. पलीकडे तिचा भाचा विक्रम, थोरल्या भावाचा एकुलता मुलगा. त्याला मुलगा झाला होता आणि आज तो आपल्या आत्याला नाव शिकवत होता.

"म्हंजे काय रं त्येचा अर्थ?"

"इला म्हंजे पृथ्वी. पृथ्वी ज्येची हाय त्यो इलिवान. सौम्यानं सोता तयार केलंय. गूगलवर बी दुसरा न्हाय."

"मग जमिनीचा उतारा बी त्येच्याच नावावर काढून टाका की!"

"हसू नको गं. रविवारी बारसं हाय. पाळणा तूच म्हणायचा."

बेळगुंदीत पाळणा म्हणजे जयाबाई. ती कुणाकडून पैसे घेत नसे, घुगऱ्यांची ओंजळ तेवढी घेई. तिची रीत एकच होती. प्रत्येक बाळाला त्याचं स्वतःचं कडवं आणि शेवटच्या ओळीत त्याचं नाव. एकाचं कडवं दुसऱ्याला नाही. कल्लाप्पा, परशराम ही नावं पाळण्यात आपोआप निजत. पुढं सौरव आले, तेही बसले. अलीकडे मात्र तिचे हाल होते. रिधान, विवांश, श्रियांश, अथांश! "गल्लीत समदे अंशच झाल्यात," ती शेजारणीला म्हणायची, "पुरा एक बी न्हाय." पण थट्टा करून झाली की घरी जाऊन तेच नाव जात्यावरचं पीठ चाळावं तसं चाळत बसायची, आणि बारशाला कडवं तयार असायचं.

यामागं एक कारण होतं. जयाबाईला एकच मूल झालं होतं. मुलगा. त्याला सासऱ्यांचं नाव, मष्णू, ठेवायचं ठरलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत पडल्या पडल्या तिनं ओळही जुळवून ठेवली होती. बारशाआधीच तो गेला. तो गेला याचं दुःख होतंच, पण बिननावाचा गेला याचं तिला जन्मभर वाईट वाटलं. तेव्हापासून ती गावातल्या प्रत्येक पाळण्यापाशी उभी राहू लागली. नाव कसलंही असो, ते बाळाच्या कानात गोड होऊन शिरलं पाहिजे, हा तिचा हट्ट होता. आणि हा तर तिच्या भावाचा नातू.

रविवारी सकाळी ती बसला बसली तरी कडवं जुळलं नव्हतं. खिडकीशी बसून ती पुटपुटू लागली. "इलि... इलिवान... इलि... इलि..."

शेजारी भाजीची पाटी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तिनं झटकन दोन्ही पाय सीटवर घेतले.

"इलि? यल्लैतरी इलि?"

पुढच्या बाकावरची बाई लुगडं आवरत उठून उभी राहिली. मागून कुणीतरी चप्पल हातात घेतली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "उंदीर कुठं हाय हो? कुणी बघितला?"

जयाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इलि म्हणजे कन्नडात उंदीर! तिला कन्नड येत होतं. बाजारात बटाट्याचा भाव ती कन्नडातच तोडायची. विक्रमलाही येत होतं. पण नाव मराठीतून आलं, म्हणून दोघांनीही ते मराठी कानानं ऐकलं.

"काय झालं अक्का?" कंडक्टरनं विचारलं.

"काय न्हाय," गोंधळून जयाबाई म्हणाली, "त्यो माझा नातू हाय."

कंडक्टर तिच्याकडे बघत बघतच मागं गेला.

उरलेली वाट तिला चैन पडेना. पोर बेळगावात वाढणार, इथल्याच शाळेत जाणार. बाकावरची पोरं 'इलि, इलि' करून त्याला रडवणार. गेल्या गेल्या विक्रमला बाजूला घेऊन सांगायचं, असं तिनं ठरवलं. खडेबाजारात उतरून तिनं एक झबलं आणि टोपडं घेतलं आणि वडगाव गाठलं.

विक्रम पुण्याची नोकरी सोडून बेळगावात आल्यापासून वडगावात एका माडीवर भाड्यानं राहत होता. खाली घरमालकीण गौरव्वा, तिचे दोन माग आणि त्यांची दिवसभर खटखट. आज माग गप्प होते. बारशासाठी गौरव्वानं ते बंद ठेवले होते आणि ती स्वतः इरकलीचं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून वर आली होती.

माडीवर पाय ठेवते तो समोर भिंतभर निळं कापड आणि त्यावर हातभर अक्षरांत 'इलिवान'. फुग्यांवर इलिवान. पाहुण्यांना द्यायच्या डब्यांवरही इलिवान. जयाबाईनं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. "विक्रम, जरा हिकडं ये रं," ती म्हणते न म्हणते तोच सौम्या येऊन पाया पडली. सौम्या पुण्याची. चेहरा ओढलेला होता, पण हसू काही मावत नव्हतं.

"आत्या, नाव आवडलं ना? याच्याआधी दोनदा दिवस राहून मूल गेलं. या वेळी मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पोटात असतानाच त्याला रोज हाक मारत होते. नाव आहे म्हटल्यावर तो येणारच, असं वाटायचं मला."

जयाबाईनं पिशवीतून टोपडं काढलं. "लई ग्वाड हाय गं," ती म्हणाली आणि टोपडं तिच्या हातात दिलं. विक्रमला मग तिनं काहीच सांगितलं नाही.

पाळणा सजला होता. बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं गेलं. विक्रमची मावसबहीण नीलम बाळाच्या कानाशी वाकली, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मग नीलम उठून मोठ्यानं म्हणाली, "नाव ठेवलं इलिवान!"

"एनु?" गौरव्वानं विचारलं. "इलि?"

"इलिवान."

गौरव्वाला हसू आवरेना. ती वाईट बाई नव्हती, पण हसू आलं की थांबवता न येणाऱ्यातली होती. "अय्य! इलि अंद्रं उंदीर की हो बाई! सोन्यासारखं पोर, आनि उंदीर?"

दाराशी जमलेली गल्लीतली पोरं एका सुरात ओरडली, "इलि! इलि!" विक्रमनं डोक्यावर हात मारला. "आयला, व्हय की!"

सौम्याला काही कळेना. तिनं विक्रमकडे पाहिलं, त्यानं हळूच सांगितलं. तिचं हसू विझलं. भिंतीवरच्या त्या मोठ्या अक्षरांकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले. बायकांनी माना खाली घातल्या. बाळ तेवढं टकाटका बघत होतं.

जयाबाईला वाटलं, हे असं राहता कामा नये. आणखी एक बाळ नावाविना राहता कामा नये. तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली. कडवं अजून नव्हतंच. तिची नजर गौरव्वाच्या गजऱ्यावर गेली, तिथून तिच्या मागच्या दाराच्या चौकटीवर. तिथं गणपतीची फरशी बसवलेली होती. पोट, सोंड, हातात मोदक, आणि पायाशी तो इवलासा.

जयाबाई आधी खुदकन हसली. मग तिनं सूर धरला.

"गौरीच्या माडीवर कोण गं आलं,
इलीवर बसून विघन नेलं,
त्याचंच नाव बाळाला दिलं,
इलिवान राजा, जो जो रे जो..."

गौरव्वाचं हसू थांबलं. तिनं मागं वळून चौकटीकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"इलिवाहन! नम्म गणप्पा!" मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "अगं बाई, गौरीच्या माडीवर? म्हंजे माझ्याच की! मग ह्यो माझाच ल्योक झाला!" दाराशी 'इलि, इलि' चालूच होतं, तिकडे वळून ती कडाडली, "ए, गप बसा! गणप्पा हाय त्यो, पाया पडा!"

पोरं खरोखरच पाया पडली. मग जो हशा पिकला त्यात सौम्याही हसली, डोळे पुसत पुसत. बायकांनी जयाबाईला तेच कडवं पुन्हा म्हणायला लावलं, आणि 'इलिवान राजा'ला सगळ्या मिळून म्हणाल्या. गौरव्वाचा आवाज सगळ्यांत वर होता, तालात मात्र नव्हता.

घुगऱ्या वाटून झाल्यावर सौम्या जयाबाईजवळ येऊन बसली.

"आत्या, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"बसमदी कळालं. समदी बस पाय वर घिऊन बसलीती."

सौम्या पोट धरून हसली. मग गंभीर झाली. तिनं बाळ जयाबाईच्या मांडीवर दिलं. "विक्रमनं मला मष्णूचं सांगितलंय. पाळण्यातलं नाव तुम्ही ठेवा, आत्या. तेच ठेवा."

जयाबाईनं बाळाचं टोपडं कानावरून सारलं. गावभरच्या पोरांचे पाळणे म्हणूनही कुणाच्या कानात नाव सांगायचा मान तिला कधी मिळाला नव्हता. तो आत्याचा असतो, आणि विक्रमच्या बारशाला ती स्वतःच बाळंतीण होती. ती वाकली. तिनं कुर्रर्र केलं.

"मष्णू," ती म्हणाली.

बाळानं जांभई दिली. सौम्यानं तिच्या पाठीत हळूच धपाटा घातला, नीलमनं जरा जोरात. "थांबा, थांबा, मी ऱ्हायले!" म्हणत गौरव्वा पदर खोचून आली. जयाबाई वाकलेलीच होती. डोळ्यांतलं पाणी बाळाच्या नव्या टोपड्यावर पडत होतं, आणि ती म्हणत होती, "मारा गं. आनि जरा मारा."