आसूढाळ

इंद्रभाननं मशीन सुरू केलं तशी घोडी मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली. दाव्याला त्याची सून काजल होती. ती चार पावलं फरपटत गेली, पण तिनं दावं सोडलं नाही.

"हूं, हूं, चंद्रे! काई नाई व माय, काई नाई," ती घोडीच्या नाकाशी तोंड नेऊन म्हणाली. घोडी थरथरत का होईना, उभी राहिली.

"तुह्यंच ऐकते ते," इंद्रभान म्हणाला. "माह्यं तं काईच नाई ऐकत."

मशीनची वायर खिडकीतून घरात गेली होती. बारा वाजता लाईट जायची आणि त्याच्या आत अख्खी घोडी भादरून व्हायला हवी होती. घोडी म्हणायचं एवढंच, तशी ती तट्टूच. काजलच्या खांद्याएवढी उंची. मार्गशीर्षात संग्रामपूरच्या बाजारातून आणली तेव्हा सातपुड्याच्या थंडीनं तिच्या अंगावर बोटभर केस वाढले होते. माघ संपत आला, पिंपळगाव राजात दुपारचं ऊन चटके देऊ लागलं, तरी ते झडायचं नाव घेत नव्हते. असल्या केसाळ पाठीवर जरीची झूल टाकली की खाली घाम साचतो आणि कातडी सोलते. शिवाय नवरदेवाकडचे लोक, व्हिडिओत घोडी चमकत नाही म्हणून तोंड वाकडं करतात, ते वेगळंच.

पण आजची घाई लग्नसराईची नव्हती. दुपारी पुंजाजी येणार होता.

पुंजाजी म्हणजे घोड्याच्या खुणा वाचणारा म्हातारा. अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे आणि तो धन्याला फळतो की धन्याला खातो, हे तो सांगायचा आणि चार तालुक्यांतले लोक मानायचे. केस उतरवून ठेवा, केसाळ जनावर मी पाहत नाई, असा त्याचा निरोप होता.

त्याला बोलावलं होतं तानाबाईनं, इंद्रभानच्या बायकोनं. पौषात त्यांचा एकुलता एक मुलगा, काजलचा नवरा रवी, तिला खामगावच्या नर्सिंगच्या क्लासवरून आणायला मोटरसायकलवर निघाला आणि रस्त्यात उभ्या कापसाच्या ट्रॉलीत शिरला. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ट्रॉलीवाला मोठ्या घरचा, त्याच्यावर राग काढून करता काय? राग घरातल्या घरात फिरत राहिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तानाबाई म्हणाली, "वर्साच्या आत दोन जीव नवे आले घरात. वैशाखात सून आली, मार्गशीर्षात घोडी. दोघींतली एक पांढऱ्या पायाची हाय. कोणती, ते एकडाव कळू द्या मले."

घोडीत खोट निघाली तर घोडी बाजारात जाणार होती. नाही निघाली तर काजल लोणारकडे, भावाच्या घरी. भावाच्या घरी म्हणजे वहिनीच्या तोंडाकडे बघत भाकर खायची. आणि नर्सिंगचं शेवटचं वर्ष बुडालंच म्हणून समजा. परीक्षेला तीन महिने उरले होते. तेराव्याला काजल रडत होती तेव्हा इंद्रभान तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होता, "परीक्षा होईस्तोर तुले इथून कोणी हालवत नाई. मी बसलो हाय ना." त्या एका वाक्यावर ती महिनाभर जगत होती.

मशीन मानेवरून पाठीकडे सरकलं. केसांचे पुंजके जमिनीवर पडत गेले आणि खालची तांबूस, झळझळीत घोडी पट्ट्यापट्ट्यानं बाहेर येऊ लागली. काजल मोकळ्या हातानं खरारा मारून चिकटलेले केस झाडत होती. हे काम तिला इंद्रभाननंच शिकवलं होतं. खरारा कसा धरायचा, पोटाखाली हात कसा हलका ठेवायचा, आणि भोवऱ्यांची नावंही. कंठाखालचा तो देवमण, लाखात एका घोड्याला असतो. डोळ्याखाली, जिथून आसू ओघळतो तिथं असतो तो आसूढाळ. तसली घोडी ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडू.

"मामाजी, एक इचारू? तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटन?" त्यानं मशीन घोडीच्या पुठ्ठ्यावर टेकवलं. "भोवऱ्यानं ट्रॉली उभी राह्यते काय रस्त्यात? पण तुह्या सासूचं समाधान होऊ दे."

काजलला बरं वाटलं. घरात निदान एक माणूस तरी शुद्धीवर आहे, असं तिला वाटलं.

तोंड शेवटी घ्यायचं होतं. काजलनं घोडीचा जबडा दोन्ही हातांत धरला. डाव्या डोळ्याखाली केसांचा दाट झुपका होता. खरारा तिथं नेहमी अडकायचा, आणि ती कंटाळून तो भाग सोडून द्यायची. इंद्रभाननं तिथून एक पट्टा काढला आणि मशीन बंद केलं.

खालचे बारीक केस स्वतःभोवती फिरून बसले होते. रुपयाएवढा गोल, चांगला घट्ट भोवरा.

दोघंही बघत राहिले. काजलला एकदम आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद होता तो. मी नव्हते. मी नव्हते, हीच होती! मग ज्या घोडीला ती रोज भाकरीचा तुकडा चारायची तिचाच जबडा आपल्या हातांत आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती मनात म्हणाली, माफ कर व चंद्रे. पण आनंद काही गेला नाही. आता मामाजी घराकडे तोंड करून हाक मारतील, तानाबाई बाहेर येईल, बघेल, आणि सुटलं एकदाचं.

इंद्रभाननं घराकडे पाहिलं खरं, पण हाक मारली नाही.

हिवाळ्यात घोडी घेऊ नये, केसांत भोवरा लपतो, घेतलीच तर ओलं फडकं गालावरून फिरवून पाहावं, ही त्याच्या बापाची शिकवण. संग्रामपूरच्या बाजारात ती त्याला आठवली नव्हती, रवीला आठवली होती. "बाबा, गाल तरी पुसून पाहा," तो म्हणाला होता. आणि इंद्रभाननं भर बाजारात त्याला झापलं होतं, "तू शिकवशीन बे मले घोडी?" रवीनं घरी येऊन ही गोष्ट काजलला हसत हसत सांगितली होती.

इंद्रभाननं मशीनची पाती शून्यावर आणली. मग घोडीचा गाल अंगठ्यानं ताणून त्यानं तो भोवरा कातडीपर्यंत उतरवला. एकदा उलटं, एकदा सुलटं. मग पलीकडे जाऊन उजवा गालही तसाच केला.

"मामाजी," काजल म्हणाली.

"केस जातात तिच्या डोळ्यात. दावं नीट धर."

पुंजाजी दोन वाजता आला. काठी भिंतीला टेकवून त्यानं घोडीभोवती दोन चकरा मारल्या. छाती, कंठ, पाठ, पोट, सगळीकडे तळहात फिरवला. तानाबाई पदर तोंडाशी धरून दारात उभी होती. पुंजाजी तोंडाशी आला आणि गालांवर त्याचा अंगठा थांबला.

"गाल काऊन इतके भादरले, इंद्रभान?"

"माश्या बसतात."

"माघात?"

 दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काजलला राहवलं नाही.

"आत्याबाई, डोळ्याखाली भोवरा होता. आसूढाळ. मी पाह्यला माह्या डोळ्यानं. मामाजीनं आत्ता सकाळी भादरला तो."

तानाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "खरं काय हो?"

क्षणभर काजलला वाटलं, आता तो बोलेल. तेराव्याला डोक्यावर ठेवलेला हात तिला अजून आठवत होता.

"आपल्यावरचं टाळाले मुकं जनावर पुढं करून राह्यली ते," इंद्रभान घोडीच्या पायाकडे बघत म्हणाला. "तिले काय समजते घोड्यातलं?"

पुंजाजीनं काठी उचलली. "मले जे दिसते ते मी सांगतो बाई. घोडी निर्मळ हाय." चहासाठी तो थांबला नाही.

"मले पह्यलेच ठावूक होतं," तानाबाई म्हणाली. ती ओरडली नाही की रडली नाही. आत जाऊन तिनं काजलची बॅग फळीवरून खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान बॅग घेऊन स्टँडवर आला. नको म्हटलं तरी आला. खामगावची एस.टी. उभी होती, तिथून पुढं लोणारची गाडी. बॅगेत पुस्तकंच जास्त होती, त्यानं ती दोनदा खाली टेकवली.

"परीक्षेच्या वक्ताले पाहू काईतरी," तो म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी."

काजल पायरीवर चढली आणि वळली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र नीट होता.

"मामाजी, त्या रोजी बाजारात तुमी गाल पुसून पाह्यला असता ना, तरी बी ट्रॉली तिथंच उभी राह्यली असती. हेच सांगणार होती मी तुमाले. तुमी तो भोवरा भादरला नसता तं."

 कंडक्टरनं घंटी मारली.

"दीड महिन्यात केस येतात परत," ती म्हणाली. "तवा कोणाले धाडसान?"

तो घरी आला तेव्हा तानाबाई घोडीपाशी उभी होती. सकाळपासून घोडीनं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, म्हणून ती तिला भाकर चारत होती. दुसरा हात ती घोडीच्या भादरलेल्या गालावरून फिरवत होती, हळूहळू, खालपासून डोळ्यापर्यंत.

"बिचारीवर उगाच शंका घेतली हो आपण," ती म्हणाली.

"हाव," इंद्रभान म्हणाला.

मशीन कालपासून ओसरीवरच पडलं होतं. ते तो दरवेळी तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायचा, पुढच्या वर्षापर्यंत. आज त्यानं तेल लावलं, पाती पुसली, आणि मशीन खिडकीत, हाताशी येईल असं ठेवलं.