काचेआडच्या साहेबांनी छाटलेले ड्रम

स्टुडिओत काचेआड बसून आवाज भरणाऱ्या साहेबांनो, ड्रमचा गळा तुम्हीच दाबलात. आणि शिव्या खाल्ल्या कुणी? कानसेननं!

कानसेन हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मोटर ऐकूनच कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलेलं. त्याची धाकटी मेहुणी जॅझच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. एका संध्याकाळी तो तिचा कार्यक्रम ऐकायला पहिल्या रांगेत बसला आणि कायमचा बिघडला. आधी ड्रमवर तारेच्या ब्रशची कुजबुज, आणि मध्येच काठीचा असा फटका की शेजारच्याचा चहा त्याच्याच शर्टावर!

तेच घरी ऐकायचं म्हणून त्यानं कपाटाएवढे दोन स्पीकर स्वतः ठोकून उभे केले. नुसत्या ड्रमच्या नावाजलेल्या तबकड्या आणल्या. लावून बघतो तर ड्रम म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याला लाथा, आणि झांजा म्हणजे पत्र्यावर वाळू.

बायकोचं डोकं फिरलं. "अहो, सोफा गेला, दार अर्धंच उघडतं, आणि ऐकायचं काय, तर खोकी! रविवारी परीक्षा. मी स्वयंपाकघरात दार लावून बसते. बाहेर धाकटी वाजवेल, नाहीतर तुमची कपाटं. कपाटांना धाकटी समजून एकदा जरी मी फसले तर राहू देत. नाहीतर भंगारात!"

रविवारी मेहुणीनं दोन स्पीकरांच्या मध्ये आपला ड्रमचा संसार मांडला. कानसेननं पहिली तबकडी लावली.

"कपाटं!" आतून आवाज.

मग मेहुणीनं वाजवलं.

"धाकटी!"

दुसरी तबकडी. सुई नीट टेकलीसुद्धा नव्हती.

"कपाटं! भंगारवाल्याला बोलावू का?"

मेहुणी तोंडावर हात दाबून हसत होती. कानसेनचा चेहरा पाहून तिला दया आली. "भावजी," ती कुजबुजली, "तबकड्याच मेलेल्या, कपाटं बिचारी काय करणार? हळू असो की जोरात, या लोकांनी सगळं मेंदीच्या कुंपणासारखं एका उंचीवर छाटलंय. हे लावा. माझ्या एकटीच्या तालमीचं रेकॉर्डिंग आहे. एकच माईक टांगला होता. नंतर कुणी बोट लावलेलं नाही."

ब्रश जेमतेम ऐकू येत होता. कानसेनचा हात आवाज वाढवायला गेला. मेहुणीनं तो धरला. "हळू आहे ते हळूच राहू दे."

आणि मग काठीचा फटका पडला. स्वयंपाकघरात एक ताटली खणकन आपटली.

"अगं धाकटे, दमानं! खालचे लोक छत कोसळलं म्हणून वर येतील! आणि ते स्टूल किती करकरतंय, तेल घाल त्याला!"

दार उघडलं. धाकटी खिडकीत उभी राहून केळं खात होती. स्टूल रिकामं. फटके चालूच.

बायकोनं बहिणीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "लबाड आहात दोघं," ती म्हणाली आणि तिथंच फरशीवर मांडी घालून बसली. "पहिल्यापासून लावा."

त्या दिवशी तिनं ते चारदा लावायला लावलं. आता तबकडीवर ड्रम मेलेला निघाला की कानसेनच्या आधी तीच भडकते.

तर साहेबांनो, एका टांगलेल्या माईकला जमलं, ते खोलीभर यंत्रं घेऊन तुम्हाला का जमू नये? जिवंत ड्रम छाटायला तुम्हाला सांगितलं कुणी? ऐकणाऱ्यांनी तर नाही. मग कुणी? बोला!