थकलेल्या साऱ्याची दवंडी

मित्रांनो, अन्नपूर्णाबाईच्या गोठ्यात आढ्याजवळच्या खुंटीला एक लाकडी कडं लटकलेलं आहे. तो मी. मी डफ आहे. आमचं गाव मोताळ्याच्या बाजारापासून बैलगाडीने अर्ध्या सकाळच्या वाटेवर आहे. तिथे मला सगळे डफडं म्हणत.

माझं कडं बाभळीचं. त्यावर बकऱ्याचं कातडं ताणून तुळशीरामच्या बापाने मला घडवलं. वाजवण्याआधी मला गवताच्या आगीवर शेकावं लागे. ऊब लागली की कातडं ताठ होई आणि माझा आवाज शिवेपलीकडे जाई. लग्नात वाजलो, पोळ्याला वाजलो, कुस्त्यांच्या फडात तर पहिलवानांपेक्षा माझाच घाम जास्त निघे. म्हातारे म्हणत, "तुळशीरामचं डफडं ऐकलं का पाय घरात राहात नाही."

तुळशीरामकडे गावकीचं काम होतं. त्याबद्दल त्याला वतनाचा लहानसा जमिनीचा तुकडा मिळालेला होता. सरकारी दवंडीही त्यानेच द्यायची, म्हणजे मीच द्यायची.

मग मानमोडीचा ताप आला. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. घरोघरी माणसं गेली. अन्नपूर्णाबाईचा नवराही त्यातच गेला. त्या वर्षी सरकारने शेतसारा पुढे ढकलला. लोकांना वाटलं, सुटलो. पण सारा ढकलला होता, माफ झाला नव्हता. पुढच्या वर्षी नागपूरहून हुकूम सुटला, मागचा आणि चालू सगळा एकदम वसूल करा.

ज्याचा सारा थकला, त्याच्या जप्तीची आणि लिलावाची दवंडी मी द्यायची. तेव्हापासून मी वाजलो की बायका लेकरांना आत ओढून दारं लावून घेत. कोणाच्या गोठ्यातून दुभती म्हैस गेली. एका घराची सागवानी दारंच काढून नेली. त्या घरात रात्री कुत्री शिरत. मी ज्या गल्लीतून वाजत जाई, तिथे मागे चूल पेटलेली दिसत नसे. तुळशीराम घरी येऊन मला कोपऱ्यात ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे.

चैत्रात अन्नपूर्णाबाईच्या मळ्याची पाळी आली. विहिरीखालचा तो मळा. त्यात कांदा तयार होत आला होता. मळा लिलावात गेला की कांदाही जाणार होता. तालुक्याहून कारकून आला. त्याच्याबरोबर दोन शिपाई होते. गावचा मोठा शेतकरी हिंमतराव धोतराच्या सोग्याने वारा घेत आधीच बांधावर येऊन बसला होता. त्या विहिरीवर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता.

अन्नपूर्णाबाई पदर सावरून कारकुनासमोर उभी राहिली.

"साहेब, येत्या बाजारापावेतो थांबा. कांदा इकते न् सारा भरते. माह्या नवऱ्याच्या हातची विहीर हाय ते."

"बाई, मला हुकूम आहे. मी थांबलो तर माझी नोकरी थांबेल," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मान मात्र वर केली नाही. "तुळशीराम, दवंडी दे. दवंडीशिवाय बोली लावता येत नाही."

"शेकून घेतो, साहेब," तुळशीराम म्हणाला.

बांधाच्या कडेला त्याने वाळलं गवत गोळा केलं, त्यावर तुराट्या घातल्या आणि आग केली. मला त्याने आगीवर धरलं. ऊब आली. कातडं ताठ झालं. एरवी एवढं झालं की तो मला आगीवरून उचलायचा. त्या दिवशी उचललं नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते घामाने भिजलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. जाळ आणखी जवळ आला. माझं कातडं आक्रसलं, काळं पडलं. मित्रांनो, मला फार भीती वाटली. मग फाडकन आवाज झाला आणि मी मधोमध फाटलो.

"काऊन बे, मुद्दाम केलं तू!" हिंमतराव उठून ओरडला. "साहेब, पत्र्याचा डबा वाजवा!"

"डबा चालणार नाही," कारकून म्हणाला. "उद्या कोणी अर्ज केला तर लिलाव माझ्या गळ्यात येईल." त्याने फाटक्या कातड्यावरून एकदा बोट फिरवलं. "बाजारानंतर येतो. दुसऱ्या गावचा डफ घेऊन येतो. तुळशीराम, तुझं मात्र वर कळवावं लागेल."

"कळवा, साहेब."

कारकून गेल्यावर आधी शेजारची अंबूबाई विळा घेऊन मळ्यात उतरली. मग एकेक दार उघडलं. बाया आल्या, गडी आले. कांदा उपटला, गाड्या भरल्या आणि मोताळ्याच्या बाजारात नेल्या. अन्नपूर्णाबाईने सारा भरला. मळा राहिला.

पाऊस लागायच्या आत तुळशीरामचं गावकीचं काम गेलं आणि वतनाचा तुकडाही गेला. तो तुकडा लगेच कसायला घेतला तो हिंमतरावाने. तुळशीराम गाव सोडून निघाला, त्या दिवशी कोणाचंच दार उघडलं नाही. ज्यांनी कांदा उपटला होता, त्यांचीही दारं बंदच राहिली. पुढची दवंडी आपल्या नावाची निघेल, हे भय प्रत्येकाला होतं. एकटी अन्नपूर्णाबाई रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, "मळ्यात राह्य, तुळशीराम. दोन्ही घरं मिळून खाऊ."

"नाही बाई. मी इथं राह्यलो तं सरकारी लोकं तुमच्यावर डूख धरतील." त्याने मला तिच्या हातात दिलं. "हे ठेवा. पण याले नवं कातडं लावू नका. वाजाजोगं झालं का हे त्यायच्याच कामाले येईन."

तो मलकापूरला कापसाच्या जिनात हमालीला गेला. परत आल्याचं मी ऐकलं नाही.

आता माझ्या कड्याला भुंगा लागला आहे. कधी कधी शिवेपलीकडून दुसऱ्या डफाचा आवाज येतो आणि जवळ जवळ येत जातो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी मागतो ते वेगळं आहे. मला असाच राहू द्या. आणि तो आवाज ऐकलात, की कोणाचं नाव पुकारलं ते नीट ऐका. मग त्या माणसाकडे जा.