कापलेली पुरवणी

राज्य ग्रंथालयाच्या वर्तमानपत्र विभागातल्या बाईंचा एक खाक्या होता. शाळेची पोरं इतिहासाच्या प्रकल्पासाठी आली, की त्या आधीच दम भरायच्या, "छापलेलं दाखवा, मग लिहा. 'आमची आजी सांगते' असलं इथे चालायचं नाही." पोरं माघारी त्यांना 'पुरावाबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मंगळवारी एक काका आले. बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. नातीला शाळेत घरातल्या एका माणसाचा इतिहास लिहायचा होता आणि तिने आजी निवडली होती. आजी म्हणजे काकांची बायको, शहरात बस चालवणारी पहिली बाई. पहिल्या फेरीचा फोटो पेपरात आला होता, तारीख काकांना तोंडपाठ होती.

"आजारपणातले फोटो ढीगभर आहेत," काका म्हणाले. "पण स्टिअरिंगवरची ती कुठेच नाही. जाऊन चार वर्षं झाली. डोळे मिटले तरी पलंगावरचीच दिसते. नातीचं आपलं निमित्त हो, मलाच बघायचीय."

बाईंनी पस्तीस वर्षांपूर्वीचा जाडजूड खंड गाड्यावर घालून आणला. काकांनी चष्मा पुसून त्या दिवसाची बाराच्या बारा पानं पाहिली. फोटो नव्हता.

"शहर पुरवणीत होता," ते म्हणाले. "गुलाबी कागद असायचा बघा."

खंड फार फुगतो म्हणून बांधणीआधी पुरवण्या कापून रद्दीत टाकायच्या, असा तेव्हाचा नियम होता. त्या वर्षी ते काम तेव्हा नव्याने नोकरीला लागलेल्या याच बाईंकडे होतं. हात इतका चपळ, की साहेबांनी पाठ थोपटली होती. आता बाईंनी पेपरच्या कचेरीत फोन लावून पाहिला. तिथेही तेवढे जुने अंक उरले नव्हते.

'सापडत नाही' म्हटलं असतं, तर कुणाला कानोकान खबर लागली नसती.

"काका, ती पुरवणी मीच काढून टाकली," बाई म्हणाल्या. "याच हातांनी."

काका एकदम पुढे सरकले. "म्हणजे तुम्ही तिला बघितलं असेल ना? हसत होती का हो?"

हो म्हणणं किती सोपं होतं! बाईंच्या अगदी ओठांवर आलं.

"नाही बघितलं, काका. भराभर कापत सुटले होते. कशावर काय छापलंय, ते एकदाही पाहिलं नाही."

आता हे चिडणार, असं त्यांना वाटलं. चिडले असते तर बरंच झालं असतं. पण काका उघड्या पानावरून नुसता हात फिरवत राहिले.

"मीही नीट नाही बघितलं," ते म्हणाले. "सकाळी तिने पेपर पुढे धरला होता. मी म्हटलं, ठेव तिथे, संध्याकाळी बघतो. ती घरातच होती हो. फोटो कोण बघत बसतो?"